देव्हाऱ्यातलं इंग्रजी पुस्तक

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमलं नाही, आता या वयात काय जमणार? पण माफी एवढ्यापुरतीच. पुढं जे लिहिलं आहे त्यातल्या कशाचीही माफी मी तेव्हा मागितली नव्हती आणि आताही मागणार नाही.

माझं माहेर जतकडचं, कर्नाटकाच्या हद्दीलगत. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. लग्न होऊन औंधाखालच्या या गावात आले तेव्हा बोलताना मधेच कानडी शब्द यायचा आणि पाण्यावर बायका हसायच्या. "पुन्यांदा म्हण की गं!" म्हणायच्या. मी पुन्हा म्हणायचं सोडलं. मग हळूहळू बोलायचंच सोडलं. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. गावानं माझं नाव मुकी ठेवलं, आणि ते माझ्यासमोरच घ्यायचे. मुक्या माणसाला ऐकू येतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मालक पलटणीत. वर्षातून एकदा सुट्टी. थोरली लेक लहान होती तेव्हा एका सुट्टीत त्यांनी ट्रंकेतून एक जाडजूड पुस्तक काढलं. अंबाल्याला छावणीबाहेर रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेलं. वरच्या कागदावर चित्र होतं. पांढरा घोडा, त्याच्यावर तलवार उपसलेला स्वार, घोड्याच्या पायाशी धावणारा कुत्रा, आणि मागं सगळं पिवळंधमक आभाळ.

"खंडोबा हाय," मालक म्हणाले. "इंग्रजांनी बी त्येची पोथी लिवलीया. रद्दीत पडली हुती, जिवाला बरं वाटंना, उचलून आनली."

घोडा, तलवार, कुत्रा, भंडाऱ्यासारखं पिवळं आभाळ. शंका घ्यायला जागाच नव्हती. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंनी पुस्तक कपाळाला लावलं, देव्हाऱ्यात टाकांच्या मागं उभं केलं आणि दर रविवारी त्याच्यावर भंडारा उधळायला लागल्या. कैक वर्षं त्या पुस्तकानं आमच्या घरात देवाचा मान घेतला. आतलं एक अक्षर कुणाला येत नव्हतं, पण आत्याबाईंना देवांच्या टाकांवरचं तरी कुठं काय वाचता येत होतं?

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. थोरली नववीत गेली आणि शाळेत इंग्रजीला नव्या बाई आल्या. सांगलीच्या, जैनांच्या घरातल्या, पोरसवदा, तात्पुरत्या नेमणुकीवर. पोरं इंग्रजीच्या पुस्तकाला हात लावायची नाहीत. त्यात कुठल्या तरी परदेशी स्टेशनाचे, बागेचे धडे. बाईंनी सांगितलं, घरात जे काही इंग्रजीत छापलेलं असेल ते आणा. कुणी साबणाचं वेष्टन नेलं, कुणी औषधाच्या बाटलीवरचा कागद, एकानं खताचं रिकामं पोतंच खांद्यावर टाकून नेलं. आमची थोरली म्हणाली, आमच्या देवात अख्खं पुस्तक आहे.

आत्याबाईंनी ते एका दिवसाच्या बोलीवर दिलं. संध्याकाळी थोरली परत आली ती उंबऱ्यातच थांबली.

"आजी, त्यो खंडोबा न्हाई."

"मग कोन हाय?"

"बाईमानूस हाय. राजाची लेक. बाईंनी पयलं पान वाचलं. सगळी बनवलेली गोष्ट हाय, असा देशच कुटं न्हाई."

मी चुलीपुढं होते. आता पुस्तक उकिरड्यावर जाणार आणि मालकांच्या नावानं गाव वर्षभर हसणार, असं मला वाटलं. आत्याबाईंनी पुस्तक हातात घेतलं, चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"घोड्यावर म्हाळसा बी बसतीच की," त्या म्हणाल्या. "जा, पाय धू."

झालं. पुस्तक देव्हाऱ्यात राहिलं. बाईंनी ते वर्गात वाचायला मागितलं तेव्हा आत्याबाईंनी एकच अट घातली. सोमवार ते शनिवार शाळेत, रविवारी देवाच्या वारी घरात. बाईंनी ती पाळली. शनिवारी दुपारी थोरली ते फडक्यात गुंडाळून आणायची आणि पानांतून भंडारा गळायचा. वर्गातल्या पोरांची बोटं पिवळी व्हायची, असं ती सांगायची.

गोष्ट अशी होती. एका डोंगरी देशात एक जादूगार येतो. राजा त्याला भितो आणि भिऊन सगळ्या नद्यांची किल्ली त्याच्या हवाली करतो. जादूगार पाणी डोंगराच्या पोटात कोंडतो आणि दगडी दाराशी बसतो. ज्यानं त्याला मुजरा केला त्याच्या गावाला पाणी, बाकीच्यांना नाही. राजाची लेक घोड्यावर बसून ते दार उघडायला निघते. वाटेत राक्षस, बोलणारे पक्षी, राखेचं रान.

बाईंची शिकवायची रीत वेगळी होती. रोज एखादं पान वाचायच्या, अर्थ फोडायच्या आणि घरी विचारायला एक प्रश्न द्यायच्या. घरच्यांना गोष्ट मराठीत सांगायची, प्रश्न विचारायचा, आणि मिळेल ते उत्तर उद्या इंग्रजीत मांडायचं. पहिला प्रश्न होता, राजा भ्याला हा त्याचा गुन्हा आहे का?

थोरलीनं तो मला विचारला. घरात मी तिच्याशी बोलायची, तिच्याशी लाज नव्हती. मी म्हटलं, "भ्यायला काय, कोनबी भितंय. पर त्येनं सोताची घागर दिली असती तर चाललं असतं. त्येनं सगळ्यांची दिली."

दुसऱ्या दिवशी तिनं वही आणून दाखवली. बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं आणि सगळ्या वर्गानं उतरून घेतलं होतं. माझं बोलणं, इंग्रजीत. मी विचारलं, यात घागर कुठं आहे? तिनं बोट ठेवलं. मी त्या शब्दावरून बोट फिरवलं. ज्या गावानं माझ्या बोलण्याला हसून माझं तोंड बंद केलं होतं, त्याच गावाच्या पोरांनी माझं बोलणं वहीत लिहिलं होतं. त्या दिवसापासून मी प्रश्नाची वाट बघायला लागले.

तेव्हा गावाला पाणी ओढ्याकाठच्या विहिरीचं. तिच्यावर मोटर बसली होती आणि मोटरच्या खोलीची किल्ली चेअरमनच्या माडीवर असायची. चेअरमन म्हणजे पाण्याच्या सोसायटीचे आणि शाळेच्या कमिटीचेही. सकाळी त्यांचा गडी किल्ली घेऊन खाली येईपर्यंत बायका रिकाम्या घागरी लावून बसायच्या. कधी तो लवकर यायचा, कधी चेअरमनच्या उसाचं भिजून झाल्यावर.

एक दिवस बाईंनी वर्गात विचारलं, जादूगार दिवसभर करतो काय? एक पोरगी म्हणाली, बसून राहतो आणि कुणाला पाणी द्यायचं ते ठरवतो. मागून एक पोरगं ओरडलं, "म्हंजी चेअरमन!" सगळा वर्ग हसला. बाईंनी ते नाव काढलं नव्हतं, त्यांना गावातली किल्ली कुणाकडं असते हेही ठाऊक नव्हतं. पण ते हसू संध्याकाळपर्यंत पाण्यावर पोहोचलं. बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "जादूगार उठला का गं?" आणि तिथून ते माडीवर चढायला कितीसा वेळ लागतो?

आठवड्याच्या आत हेडमास्तरांनी पुस्तक कपाटात घालून कुलूप लावलं. बाईंना सांगितलं, राक्षसांच्या गोष्टी अभ्यासक्रमात नाहीत, पुन्हा शिकवाल तर पुढच्या जूनला नेमणूक विसरा. तो शनिवार होता. थोरली रिकामं फडकं घेऊन घरी आली आणि रडायला लागली.

आत्याबाईंचे गुडघे धरलेले. त्या मला म्हणाल्या, "उद्या रविवार. देव कुलपात हाय. जा, घिऊन ये."

मी? मी हेडमास्तरांकडं? पण थोरलीकडं पाहिलं. ती मला जा म्हणत नव्हती. आई जाणार नाही हे तिनं धरूनच ठेवलं होतं. त्याचाच मला राग आला, आणि त्या रागात मी पदर घेतला आणि निघाले.

हेडमास्तर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मी खांबाआड उभी राहून म्हटलं, "आमचं पुस्तक द्या."

"अहो बाई, ती पोथी नाही. भुताखेतांची कादंबरी आहे ती."

"आमच्या देव्हाऱ्यात असती."

"देव्हाऱ्यात ठेवली म्हणून कादंबरीची काय पोथी होते?"

मी खांबाआडून पुढं आले. "मग तुमी उद्या या आन् आमच्या देवाला तसं सांगा. मी कशी सांगू?"

हेडमास्तर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठले. पुस्तक हातात देताना म्हणाले, "हे पुन्हा शाळेत दिसता कामा नये."

"न्हाई दिसनार," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आमच्या गावात श्रावणात घरोघरी पोथी लागते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाया बसून ऐकतात. पोथी लागलेल्या घरात कुणी आडवं येत नाही. चेअरमनसुद्धा पोथीच्या घरावरून जाताना चप्पल काढून हात जोडायचे.

रविवारी दुपारी मी चौरंग मांडला. लाल फडकं, समई, फूल. पुस्तक वर ठेवलं. थोरलीला पाठवून बाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं, आणि वर्गातल्या पोरापोरींना सांगितलं, आयांना, आज्यांना घेऊन पोथीला या. बाई आल्या, चौरंग बघितला आणि दारातच थबकल्या.

"अहो, पण ही..."

"बसा," मी म्हटलं. "तुमी वाचा. थोरली अर्थ सांगंल."

बाई मांडी घालून बसल्या. त्या इंग्रजीत वाचायच्या, थांबायच्या, थोरली मराठीत सांगायची आणि बाया हुंकार द्यायच्या. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "समजत कायबी न्हाई, पर कानाला लय ग्वाड लागतंय."

आत्याबाई म्हणाल्या, "संस्कृत तरी कुटं समजत हुतं?"

दर रविवारी माणसं वाढायला लागली. शाळेत पोरं स्टेशनाचा धडा वाचायची आणि रविवारी आमच्या सोप्यात, पुढच्या ओसरीवर, इंग्रजी शिकायची. बाई म्हणायच्या, हा देश खोटा आहे, पण भीती, हाव, मैत्री, घरी परत जायची ओढ, हे त्यात खोटं काहीच नाही. ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. राजाची लेक राखेच्या रानातून एकटी जाते ते पान वाचलं तेव्हा पलटणीतल्या माणसांच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

तिसऱ्या रविवारी आतल्या दाराशी, डोकं पुढपर्यंत झाकून, एक बाई येऊन बसल्या. चेअरमनची बायको, सगळा गाव त्यांना वैनीसाहेब म्हणायचा. त्यांच्यात बायका उजेडी बाहेर पडत नसत, पण पोथीला जाते म्हटल्यावर कोण अडवणार? चेअरमनना वाटलं, खंडोबाची पोथी लागली आहे.

त्या दिवशी जादूगार राजाच्या लेकीला म्हणतो, दार फोडू नको. ही किल्लीच घे. तू बस माझ्या जागी, आणि तुझ्या माणसांना आधी पाणी दे. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, तिनं किल्ली घ्यावी का?

"घ्यावी की! आदी आपल्या घरात पानी!"

"मग तिच्यात आन् त्येच्यात फरक काय ऱ्हायला गं?"

"येक घागर भरून घ्यावी आन् किल्ली माघारी द्यावी."

"तू देशील? तू तर इरजनाची वाटी माघारी देत न्हाईस!"

हसण्याचा गलका झाला. तो उतरल्यावर आतल्या दारातून वैनीसाहेबांचा आवाज आला. "किल्ली कमरंला लावून बगा येकदा," त्या म्हणाल्या. "लय जड आसती." बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

आणि मग घात झाला. राजाची लेक दाराशी उभी आहे, जादूगारानं किल्ली पुढं केली आहे, आणि पुस्तक संपलं! शेवटच्या पानावर लिहिलं होतं, पुढची गोष्ट दुसऱ्या भागात.

"निम्मीच पोथी आनली व्हय तुज्या मालकानं?" बाया माझ्यावर तुटून पडल्या. "पलटनीतल्या मानसाला येवढंबी बगाय येत न्हाई?"

बाईंनी पुण्याच्या एका दुकानाला लिहिलं. दुसरा भाग टपालखर्चासकट चाळीस रुपये. मालकांची मनिऑर्डर मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हातात पडायची, आणि ते अशा कामाला एक पैसा सोडणार नव्हते. रविवारी सगळ्या गेल्यावर वैनीसाहेब मागं थांबल्या. पदराच्या गाठीतून चार नोटा काढून त्यांनी माझ्या मुठीत दाबल्या. "उसनं दितीया," त्या म्हणाल्या. "तिनं किल्ली घेतली का न्हाई, येवढं कळू दे मला."

पुस्तक आलं. त्याच्यावर घोडा नव्हता. नुसता डोंगर आणि दगडी दार. आत्याबाईंनी दोनदा विचारलं, "घोडा कुटं हाय?" तरी त्याच्यावर भंडारा पडला आणि वाचन पुढं सुरू झालं.

दुसऱ्याच रविवारी भर वाचनात अंगणात चेअरमन उभे राहिले. मागं दोन गडी. त्यांना आता सगळंच कळलं होतं, पोथी म्हणजे तेच जादूगाराचं पुस्तक आहे हे आणि दुसऱ्या भागाचे पैसे कुणाचे हेही. वैनीसाहेब उठून मागच्या दारानं गेल्या. त्यानंतर त्यांना येऊ दिलं नाही.

"पैसं माज्या घरातलं," चेअरमन म्हणाले. "म्हंजी पुस्तक माजं. दिवाळीपतूर पैसं माघारी आलं न्हाईत तर पुस्तक माडीवर जाईल. आन् तवर ही वाचनं बंद."

सोप्यात सगळ्या माना खाली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांची नोकरी त्याच माणसाच्या हातात. आत्याबाई भिंतीला धरून उठायला बघत होत्या. त्यांच्याआधी मीच उठले.

"पैसं दिवाळीपतूर देईन," मी म्हटलं. "वाचन बंद व्हनार न्हाई."

"आरं, मुकी बोलाय लागली!"

"व्हय. कानडीत बी बोलू का?"

हशा पिकला. पण या वेळी बाया माझ्याकडं बघून हसत नव्हत्या, चेअरमनकडं बघून हसत होत्या. ते गड्यांना घेऊन वळले.

मी नालाबंडिंगच्या, म्हणजे ओढ्याला मातीचे बांध घालायच्या, सरकारी कामावर जायला लागले. मामंजी म्हणाले, पलटणीतल्या माणसाची बायको माती उपसणार? मी म्हटलं, उपसणार. अंडी विकली, दोन वाकळा शिवून दिल्या. पोथीपुढच्या ताटात बाया पाच-दहा पैसे टाकायच्या. आत्याबाई म्हणाल्या, ते देवाचे आहेत, उसनवारीला द्यायचे नाहीत. मी म्हटलं, पोथीचं ऋण पोथीच्या पैशानं द्यायचं नाही तर कशानं? त्यांनी ताट उचलून माझ्यापुढं ठेवलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुस्तक संपलं. शेवटी घोडा मेला तेव्हा आत्याबाई बाईंवरच चिडल्या. "घोडा का मारला? त्येनं कुनाचं काय वाकडं केलं हुतं?" बाई म्हणाल्या, हाच प्रश्न मी वर्गाला विचारणार होते, आजी. आता उगीच खोटं का लिहू, बाईंना पुढच्या जूनला नेमणूक मिळाली नाही. त्या सांगलीला परत गेल्या आणि मोटरची किल्लीही माडीवरच राहिली. पण पुस्तक पूर्ण वाचून झालं होतं, आणि थोरलीनं मॅट्रिकनंतर शिकवायचंच ठरवलं ते त्याच सोप्यात.

वसुबारसेच्या दिवशी मी पैसे घेऊन चेअरमनच्या वाड्यावर गेले. ते सोप्यात तक्क्याला टेकून बसले होते, जवळ चार माणसं. त्यांनी हात पुढं केला. मी मूठ उघडली नाही.

"ज्येंच्या हातनं घेतलं त्येंच्याच हातात देईन."

"ती आत हाय."

"मग मी थांबते," म्हणून मी पायरीवर बसले.

त्यांच्याजवळची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सणाच्या दिवशी दारात बसलेल्या सवाशिणीला उठवायचं कुणी? शेवटी चेअरमननीच आत हाक मारली. वैनीसाहेब चौकटीत आल्या. मी नोटा आणि चिल्लर त्यांच्या ओंजळीत ओतली. त्या मोजायच्या आधीच हळू विचारत्या झाल्या, "घेतली का गं तिनं?"

त्या हळू बोलल्या, मी हळू बोलले नाही. "न्हाई घेतली. मागं फिरली आन् गावोगावची मानसं बोलावली, ज्येंना पानी मिळत हुतं ती बी आन् मिळत नव्हतं ती बी. समद्यांनी मिळून दारच फोडलं. घोडा दगडाखाली गेला. पानी सुटलं. राज्य तिला नगं हुतं. खोगीर खांद्यावर घिऊन ती चालत घरी गेली." मधे एक-दोन कानडी शब्दही आले. कुणी हसलं नाही.

वैनीसाहेबांनी पदरानं डोळे टिपले. मग पायरीवर माझ्याशेजारी खाली बसल्या, सगळ्यांच्या देखत, आणि ओंजळ मांडीवर रिकामी करून एक एक नाणं मोजलं.

"चाळीस," त्या आत वळून मोठ्यानं म्हणाल्या. "सगळं आलं."